पोतारलेल्या भिंती

फवारणीच्या टोळीत मला घेतलं तेव्हा दोन दिवस शिकवलं. पंपाला दाब किती द्यायचा, नळी भिंतीपासून किती लांब धरायची, पट्टा वरून खाली कसा मारायचा, हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, आणि काम संपलं की दारावर गेरूनं तारीख टाकायची. औषधाचा रिकामा डबा फेकायचा नाही, परत आणायचा, हे तर तीनदा सांगितलं. रिकाम्या डब्याची सरकारला एवढी काळजी! ते औषध भिंतीवर बसल्यावर काय करतं, किती दिवस करतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. फवारा मारला की डास मेले, काम संपलं, असं आम्ही धरून चाललो.

माझं नाव वजीर. खडकपांगरी आमचं गाव. भूमला जाणारी मोटार जिथं थांबते तो फाटा तिथून दीड कोस, आणि दवाखाना व फवारणीचं गोदाम असलेलं बाजारगाव तीन कोस. सत्तावन्न सालची गोष्ट. आमचा जिल्हा हैदराबादच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात जाऊन वर्ष होत आलं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. साहेबही बदलले होते, घाटाकडचे आले होते, आणि आमचं बोलणं ऐकून ते एकमेकांकडं बघून हसायचे.

भाद्रपदाच्या शेवटी टोळी माझ्याच गावात आली. अंगात खाकी, पाठीवर पंप, मागं पोरांची झुंड. खोटं कशाला सांगू, माझी छाती तेव्हा चांगलीच फुगली होती. लोक तयार नव्हते. वास येतो, दुभती जनावरं बिथरतात, देवाच्या खोलीत परक्याचं पाणी कशाला, अशी शंभर कारणं. आमच्या भिंतीला भिंत लागून धोंडीबाचं घर. त्याची बायको द्वारकाबाई दारात आडवी उभी राहिली. गल्लीतल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नसत. ती हो म्हणाली की गल्ली हो म्हणाली, हे मला ठाऊक होतं.

"वैनी, मी वजीर हाय," मी म्हणालो. "तुमच्या म्होरं वाढलेला. तुमच्या सखूचं वाईट चिंतीन का मी?"

सखू तिची पोर. साडेचार वर्षांची, बोलायला पटाईत. आधीची दोन बाळं बाळंतपणातच गेली होती, ही तिसरी टिकली होती. आईच्या पदराआडून ती माझ्या पंपाकडं बघत होती. द्वारकावैनी बाजूला झाली. आम्ही घर फवारलं, मग सगळी गल्ली फवारली. मुकादम हणमंतप्पानं माझ्या पाठीवर थाप मारली.

चौथ्या दिवशी वैनी आमच्या दारात आली. नवरात्र तोंडावर आलेलं. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी बाया दसरा काढतात, म्हणजे घरातली चिंधी न् चिंधी ओढ्यावर नेऊन धुतात, भांडीकुंडी घासतात आणि पांढऱ्या मातीनं भिंती पोतारून काढतात. ज्या घरची भिंत पोतारली नाही त्या घरी देवी कशी बसायची?

"वजीर, तुज्या औषदानं भितीवर पांडरं पांडरं वगळ आल्यात बग," ती म्हणाली. "दसरा काढायचाय. पोतारलं तर चालंल का? का ठिवायचं तसंच?"

तिनं विचारलं होतं. नीट, दारात येऊन विचारलं होतं. शिकलेल्या माणसानं करायचं ते तिनं केलं होतं.

"पोतारा की वैनी, बिनघोर पोतारा," मी म्हणालो. "डास तर कवाच मेले. औषदाचं काम झालं."

मग काय, गल्लीत आरोळी गेली. सरकारी माणूस हो म्हणतोय. दोन दिवसांत बहुतेक सगळ्या भिंती गुळगुळीत पांढऱ्या झाल्या. सरकारचं औषध पांढऱ्या मातीखाली गाडलं गेलं, आणि ते गाडायचा हुकूम मी दिला होता.

दसरा झाला आणि ताप सुरू झाला. हिवतापाचं आम्हाला काही नवल नाही. दर साली पावसाळा सरता सरता ओढ्याची डबकी होतात आणि अर्धं गाव वाकळा पांघरून कुडकुडत पडतं. पण त्या साली ताप पोरांच्या डोक्यात जायला लागला. आज हुडहुडी, उद्या अंग तव्यासारखं, परवा झटके, आणि संपलं. दसरा ते दिवाळी, बावीस दिवसांत पाच पोरं गेली. पाचही आमच्या गल्लीतली.

सखू तिसरी. सकाळी ती आईला ओळखेना तेव्हा धोंडीबानं गाडी जुंपली. मी बरोबर गेलो. तीन कोस वैनी पोरीचं डोकं मांडीवर धरून बसली होती, आणि पोरगी मधूनच ताठ व्हायची. दवाखान्याच्या दारावर नवीकोरी कमान उभी होती, रंगवलेली: हिवताप हटवा, देश वाचवा. कमानीखाली जीप पुसत ड्रायव्हर उभा होता. आत डॉक्टर नव्हते, ते कसल्याशा बैठकीला गेले होते. कंपाउंडर होता. तो म्हणाला, तापाच्या गोळ्या भाद्रपदातच संपल्यात, वर मागणी केलीय, मंजुरी यायचीय.

"कमानीची मंजुरी आली ती?" मी ओरडलो.

"ते खातं वेगळं," तो म्हणाला. त्याचाही काही दोष नव्हता. त्यानं बाटलीत गुलाबी पाणी भरून दिलं आणि कपाळावर ओली पट्टी ठेवायला सांगितली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. जीपला तेल होतं, कमानीला रंग होता, आणि पोराच्या तोंडात घालायला दोन आण्यांची कडू गोळी नव्हती. सखू परतीच्या वाटेवर गेली. धोंडीबानं बैल थांबवले नाहीत. थांबवून तरी काय करायचं होतं?

माती देऊन आल्यावर मी घरी न जाता माझ्या बहिणीकडं, नसीमबीकडं गेलो. तिचं घर त्याच गल्लीत, शेवटचं. गल्लीत पोतारणं चाललं तेव्हा तिचे दिवस भरले होते, आणि फवारणीनंतर आठव्या दिवशी ती बाळंत झाली होती. चाळीस दिवस घराबाहेर पाय नाही, कामाला हात नाही. नवरा गावोगाव बांगड्या विकत फिरणारा. घर कोण आवरणार? आमच्यातही नबीचा सण जवळ आला होता, तरी तिच्या भिंती तशाच पट्ट्यापट्ट्यांच्या राहिल्या होत्या. गल्लीतल्या बाया तिची चेष्टा करायच्या, नसीमबीनं भितीला पटेरी वाघावानी ठिवलंय म्हणून.

मी भिंतीला टेकून बसलो. समोर तिची दोन पोरं चिंचोके खेळत होती आणि तान्हं झोपलं होतं.

"ह्यांना ताप?" मी विचारलं.

"नाही भाई. अल्लाची मेहेर. शिंक बी नाही," ती म्हणाली.

शेजारच्या घरात एक पोर गेलेलं. त्याच्या शेजारी सखू. आणि इथं शिंकसुद्धा नाही. मी बघत राहिलो. एक डास आला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर बसला. बराच वेळ बसला. मग उडायला गेला तर त्याला धड उडता येईना, आणि तो खाली पडला. मी खाली वाकून बघितलं. भिंतीच्या कडेनं मेलेल्या डासांची ओळ पडली होती. फवारून महिना होऊन गेला होता.

भिंतीला कुणाला हात लावू देऊ नकोस, एवढं नसीमबीला बजावलं आणि मी उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो आणि बाजारगावचं गोदाम गाठलं. तिथं जैनोद्दीन कारकून. सगळे त्याला चाचा म्हणायचे. मी विचारलं, चाचा, फवारलेली भिंत पोतारली तर काय होतं? तो चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "काय होतं म्हणजे? औषध वाया जातं. अडीच महिने भिंतीला हात लावायचा नसतो. पत्रकात लिहिलंय की."

"कसलं पत्रक?"

त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं सुतळीनं बांधलेला कागदाचा मोठा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यावर पाण्याचा माठ ठेवला होता. वरचे कागद भिजून पिवळे पडले होते. मी माठ खाली ठेवला, सुतळी तोडली. मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रासकट. पोतेरा हातात घेतलेली बाई आणि तिच्यावर मोठी फुली. न वाचणारीलाही कळावं असं कुणीतरी जीव लावून काढलेलं चित्र.

"हे वाटलं का नाही चाचा?"

"अरे बाबा, खाली शिक्का बघ. हैदराबाद सरकारचा. हे आले आणि पंधरा दिवसांत राज्य बदललं. नव्या राज्यात जुन्या सरकारचा कागद वाटला तर माझी नोकरी राहील? वर लिहून विचारलंय मी, वाटावे का नष्ट करावे."

"कधी विचारलं?"

"जानेवारीत."

"मग?"

"उत्तर यायचंय."

"आणि औषध? ते बी जुन्याच राज्यातलं हुतं की. ते कसं फवारलं?"

जैनोद्दीननं तुटलेली सुतळी पुन्हा बांधायला घेतली. "औषधावर शिक्का नव्हता," तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. त्याचं मानगूट धरावं असं वाटलं. पण तो म्हातारा माणूस होता, आणि मी तरी कोण मोठा धुतल्या तांदळाचा? मी मूठभर पत्रकं सदऱ्याच्या आत कोंबली आणि गावाकडं निघालो.

वैनीला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. ती पहाटे ओढ्यावर जायची तेव्हा मी घरात थांबायचो आणि ती घरात असली की मी बाहेर पडायचो. दिवाळी आली आणि गेली. गल्लीत कुणी पणती लावली नाही. भेकडासारखा मी तोंड चुकवत फिरलो. त्याची लाज आजही वाटते.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी चौकशी आली. पाच पोरं गेल्याची बातमी कुठल्यातरी पेपरात छापून आली होती, म्हणून आली. पाच पोरं गेली म्हणून नव्हे. जीपमधून साहेब उतरले, बरोबर मुकादम हणमंतप्पा. चावडीवर सतरंजी टाकली. पोरं गेलेल्या पाचही घरच्या बायांना बोलावलं. पुरुष मागं उभे राहिले. साहेबांनी कागद काढला. तो लिहूनच आणला होता. चौकशीच्या आधीच चौकशीचं उत्तर तयार! नवं राज्य भलतंच चपळ होतं.

साहेबांनी वाचून दाखवलं. शासनानं मोठा खर्च करून गावात फवारणी केली. कामगारांनी सूचना दिल्या. तरी गावातल्या अडाणी स्त्रियांनी अंधश्रद्धेपोटी, सूचना न जुमानता, भिंती सारवून औषध नष्ट केलं. त्यामुळं हे मृत्यू झाले. लोक सहकार्य करत नसल्यानं पुढील वर्षी हे गाव फवारणीच्या यादीतून वगळावं, शासनाचा पैसा वाया जाऊ नये.

"आपल्या सह्या, अंगठे हवेत," साहेब म्हणाले. "आणि सूचना दिल्याबद्दल कामगाराची सही. वजीर कोण? तू? पुढे ये. हणमंतप्पा सांगत होते, तू चलाख आहेस. कायम नोकरीसाठी तुझं नाव घालणार आहोत आम्ही."

शाईची डबी पहिल्यांदा द्वारकावैनीपुढं ठेवली. तिनं कागदाकडं बघितलं नाही. ती साहेबांकडं बघत होती.

"मंजी आमी मारलं आमच्या लेकरांना?" तिनं विचारलं.

"तसं नाही बाई. पण भिंती कुणी सारवल्या? तुम्हीच ना?"

"आमीच."

"मग झालं तर."

तिचा अंगठा शाईकडं गेला. हे मी डोळ्यांनी बघितलं. पोर गेल्यापासून तिनं कशालाही नाही म्हणणं सोडून दिलं होतं. आणि मग मला ते सहन झालं नाही. मी पुढं झालो आणि डबी उचलली.

"साहेब, सूचना दिली नव्हती," मी म्हणालो. "मी ह्यांना सांगितलं, पोतारा म्हणून. ह्या दारात येऊन इचारून गेल्या होत्या. मीच हो म्हणालो. मला कुणी शिकवलंच नव्हतं."

वैनीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही. सदऱ्यातून पत्रकं काढली आणि साहेबांपुढं टाकली. "आणि ही गोदामात माठाखाली हुती. पाचशे-हजार असतील. जुन्या राज्याचा शिक्का म्हणून वाटली न्हाईत. तुमच्याकडं विचारलं हुतं, तुम्ही उत्तर दिलं न्हाई."

साहेबांनी पत्रक उचललं, शिक्का बघितला आणि खाली ठेवलं. मला वाटलं होतं ते संतापतील. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे तूच सांगितलंस," ते म्हणाले. "मग प्रश्नच मिटला की." त्यांनी जुना कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि झराझरा लिहिलं. कामगार वजीर याने निष्काळजीपणे चुकीची माहिती दिल्यामुळे. एवढंच. पत्रकाचं नाव नाही, गोदामाचं नाव नाही, गोळ्यांचं नाव नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण मी संन्यासी नव्हतो, त्यामुळं मला बोलायलाही तोंड नव्हतं.

"घ्या बाई," साहेब वैनीला म्हणाले. "तुमच्यावरचा आळ गेला. याची नोकरी आजच गेली म्हणून समजा. करा अंगठा."

वैनी उठून उभी राहिली. "वजीर, त्यो कागूद वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. भिंतीवरचं औषध अडीच महिने डास मारतं. तोवर भिंती सारवू नयेत, पोतारू नयेत, रंगवू नयेत. सणाच्या तयारीआधी घरातल्या स्त्रियांना हे आवर्जून समजावून सांगावं.

"ह्यो कवा आला बाजारगावात?"

"मागल्या दिवाळीच्या आदी, वैनी."

"मंजी माझी सखू साडेतीन वर्साची हुती तवापास्नं ह्यो कागूद तितं पडून हाय."

"बाई, त्याच्यावर जुन्या राज्याचा शिक्का आहे," साहेब म्हणाले. "तो कागद ग्राह्य धरता येत नाही."

"माजी पोर बी जुन्याच राज्यात जल्मली हुती," वैनी म्हणाली. "ती धरली का न्हाय तुमी?"

वैनीचा आवाज चढला नव्हता, पण मागचे पुरुष दोन पावलं पुढं आले होते.

"ह्याचं नाव लिवा," ती माझ्याकडं हात करून म्हणाली. "ह्यानं चूक केली, म्या न्हाय म्हनत न्हाय. आन् ज्यानं कागूद दाबून ठिवला त्याचं बी लिवा. ज्यानं सालभर जबाब दिला न्हाय त्याचं लिवा. ज्यानं गोळ्या आनल्या न्हाईत आन् कमान उबी केली, त्याचं बी लिवा. समदी नावं एका कागदावर घिऊन या. मग अंगठा न्हाय, आख्खा पंजा उमटीते म्या."

"असं लिहिण्याची पद्धत नसते, बाई."

"मग अंगठा बी न्हाय."

ती चावडीच्या पायऱ्या उतरून गेली. तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. पाचही जणी गेल्या. शाईची डबी माझ्या हातातच होती. साहेबांनी ती मागून घेतली, कागदावर काहीतरी खरडलं आणि जीप धूळ उडवत निघून गेली. काय खरडलं ते पुढच्या पावसाळ्यात कळलं. फवारणीच्या यादीत खडकपांगरीचं नाव नव्हतं. गावकऱ्यांचा असहकार, असा शेरा होता म्हणे. त्या साली आणखी तीन पोरं गेली. त्यांची चौकशी आली नाही, कारण कुठल्याच पेपरात ते छापून आलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी वैनीच्या मागं पळत गेलो आणि तिला तिच्या दाराशी गाठलं.

"वैनी, चुकलो मी," मी म्हणालो. "मला ठाव नव्हतं."

ती थांबली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"त्येच म्हनायचं हुतंस की रं त्या दिशी," ती म्हणाली. "मला ठाव न्हाय, वैनी, इचारून सांगतो. येवढं म्हनला असतास, तर देवीला तशीच बसविली असती म्या. वगळाच्या भितीत बसविली असती."

आणि तिनं दार लावून घेतलं.